भांडं रिकामं जात नाही

त्या उन्हाळ्यात हार्लन टोर्गर्सनच्या घरात दोन रंगांच्या चिकट कागदी टिकल्यांचं राज्य होतं. हिरवी टिकली लावली ती वस्तू जहाजाने न्यूझीलंडला जाणार, लाल लावली ती विकली जाणार. ही टिकल्यांची कल्पना त्याच्या मुलीची, क्रिस्टाची. ती लग्न करून न्यूझीलंडमध्ये डनेडिनला गेली आणि तिथलीच झाली, आणि आई गेल्यापासून बाबांनी आता इकडेच यावं असा तिने धोशा लावला होता. शेवटी हार्लन हो म्हणाला. नातू फोनवर त्याला दात दाखवायचा, पडलेले आणि नवे फुटलेले, आणि पडद्यावर दात बघण्यात काही मजा नाही हे हार्लनला पटलं होतं. घर एका तरुण जोडप्याने विकत घेतलंही होतं. आता राहिलं होतं घरातलं सामान, आणि त्याबाबतीत क्रिस्टा तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. जहाजाने सहा खोकी पाठवायची, बाकी सगळं विकून मोकळं व्हायचं, असा तिचा हुकूम होता.

पहिल्या दिवशी हार्लनने दिसेल त्याला हिरवी टिकली लावली. बर्फ उडवायच्या यंत्राला लावली, गेलेल्या बायकोच्या, मार्लिसच्या, शिवणयंत्राला लावली, आणि गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचं जे भलंमोठं गिरमिट होतं त्याला तर दोन लावल्या. क्रिस्टाने फोनवरून हे सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, इथे तळी गोठत नाहीत," ती म्हणाली. हार्लनला राग आला. दुसऱ्या दिवशी त्याने उठून सगळ्यांवर लाल टिकल्या लावल्या, ज्यात सकाळी ब्रेड भाजत होता त्या टोस्टरवरसुद्धा. त्याच सपाट्यात एक लाल टिकली त्याच्या कोटाच्या बाहीला चिकटली, आणि ती तशीच मिरवत तो रविवारी चर्चला जाऊन आला. प्रार्थना झाली, तळघरात कॉफी झाली, गावातल्या झाडून सगळ्यांशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. बाहीवर 'विकणे आहे' लागलंय असं एकाही माणसाने त्याला सांगितलं नाही. मिनेसोटातलं नॉर्डाल हे गावच तसं. दुसऱ्याला ओशाळं वाटेल असं बोलणं म्हणजे तिथे महापाप.

हार्लनच्या मनातली खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्याने मुलीलाही सांगितली नव्हती. जायची त्याला भीती नव्हती. आपण गेल्यावर इथे आपलं काहीच उरणार नाही, याची होती. घर दुसऱ्याचं, सामान दहा घरांत वाटलेलं, आणि मार्लिस चर्चमागच्या दफनभूमीत गवताखाली. पुन्हा कधी यायचं म्हटलं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि काय सांगून? नॉर्डालमध्ये विनाकारण कुणी कुणाकडे जात नाही. शिडी हवी असते, साखर संपलेली असते, कुत्रा सुटलेला असतो, तसं काहीतरी निमित्त लागतं. 'नुसतं तुम्हाला बघायला आलो' असं म्हणणाऱ्याची तब्येत बरी नाही असं धरून चालतात. या गावची पोरं त्याने आयुष्यभर शाळेच्या बसमधून नेली-आणली, पण त्याच्याजवळ आता निमित्त म्हणून एक चमचासुद्धा उरणार नव्हता. हा विचार आला की तो उठायचा आणि आणखी चार टिकल्या लावायचा.

गुरुवारी सकाळी त्याने गॅरेजचं दार वर केलं आणि टेबलांवर विक्रीचं सामान मांडलं. सगळ्यांत पुढच्या टेबलावर त्याने तळघरातली काचेची खोल भांडी मांडली, ओव्हनमध्ये ठेवायची असतात ती. फळीवर ओळीने लावलेली होती, स्वच्छ, काही फुलांची, काही साधी, एकदोन झाकणाची. बायकांच्या या खात्यात हार्लनने कधी लक्ष घातलं नव्हतं. भांडी यायची, भांडी जायची, ते मार्लिस बघायची. काहींच्या तळाला चिकटपट्टीचे डाग होते, ते जुन्या किमतीच्या चिठ्ठ्यांचे असणार असं समजून त्याने मासे साफ करायच्या सुरीने ते खरवडून काढले आणि वर प्रत्येकाला पुसून लख्ख केलं. एका भांड्याला एक डॉलर, असा त्याने पुठ्ठ्यावर भाव लिहिला.

भांड्यांवर उड्या पडल्या. हार्लनला स्वतःलाच नवल वाटलं. सोफ्याकडे कुणी बघेना, पण चर्चच्या बायका एकामागून एक यायच्या, थेट पुढच्या टेबलापाशी थांबायच्या, एखादं भांडं उचलून उलटं करून बघायच्या, मग हार्लनकडे बघायच्या, मग पुन्हा भांड्याकडे. कॅरल ब्योर्नस्टाड तर एक लांबट भांडं हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. हार्लन तिच्या मदतीला गेला. मार्लिसचं हे फार आवडतं होतं, त्याने सांगितलं. अंगात विक्रेता संचारल्यावर माणूस असं बोलतोच. पण कोपऱ्याचा टवका उडालाय, तेव्हा अर्ध्या डॉलरला ने.

"तो टवका जुना आहे," कॅरल म्हणाली, आणि पैसे देऊन भांडं छातीशी धरून निघून गेली. नुसतं बघून टवक्याचं वय ओळखणारी बाई आपल्या गावात आहे याचं हार्लनला कौतुक वाटलं.

दुपारी आर्डिस लिंडाल आली. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, शाळेत हार्लनच्याच वर्गात होती, आणि नवरा गेल्यापासून दोन घरं सोडून एकटीच राहायची. तिने निळ्या फुलांचं भांडं उचललं. कॅरलसारखी ती उलटं करून बघत बसली नाही. "हे विकायचंच आहे ना नक्की?" तिने विचारलं. जहाजाने पाठवण्याइतकं काही ते मोलाचं नाही, असं हार्लन म्हणाला. आर्डिसने मान हलवली, डॉलर टेबलावर ठेवला आणि भांडं घेऊन घरी गेली. रात्री हार्लनने क्रिस्टाला अभिमानाने सांगितलं की तुझ्या बापाला दुकान टाकायला हवं होतं, एका दिवसात एक सोडून भांड्यांचं सगळं टेबल साफ झालं.

शनिवारी वर्ना आली. वर्ना म्हणजे मार्लिसची थोरली बहीण. जन्म नॉर्डालचा, पण नोकरी सगळी शिकागोला, एका वकिलाच्या कचेरीत झालेली, त्यामुळे मनात आलेलं तोंडाने बोलायची वाईट खोड तिला लागली होती. आवराआवरीत मदत करायला म्हणून ती आली, गॅरेजमध्ये एक फेरी मारली, आणि पुढच्या टेबलावर एकटंच उरलेलं झाकणाचं भांडं उचलून हार्लनसमोर धरलं.

"हे माझं आहे."

"आवडलं तर घेऊन टाक," हार्लन उदारपणे म्हणाला. "तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे."

"अरे, आवडलं म्हणजे? माझंच आहे. मार्लिसच्या शेवटच्या आठवड्यात मी यातून कोंबडी आणली होती. हे बघ, झाकणाची मूठ मी तारेने बांधलेली." मग तिचं लक्ष रिकाम्या टेबलाकडे गेलं आणि पुठ्ठ्यावरच्या भावाकडे गेलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "हार्लन, इथे आणखी कोणती भांडी होती?"

हार्लनने सांगितलं, कुणी कोणतं किती पैशांना नेलं तेही. निळ्या फुलांचं, टवका उडालेलं, पिवळं, दोन कानांचं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. मार्लिस आजारी होती तेव्हा आणि गेली तेव्हा गावाने त्याला महिनोन्महिने जेवू घातलं होतं. दाराशी भांडं यायचं, तो न बघता खायचा, भांडं धुवायचा आणि तळघरात नेऊन ठेवायचा. तळाला चिकटपट्टीवर नावं होती हे त्याने कधी वाचलंच नव्हतं, आणि उरलीसुरली परवा सुरीने खरवडली होती.

"म्हणजे त्यांनी स्वतःचीच भांडी विकत घेतली," तो म्हणाला.

"घेतली."

"पण एकीने तरी तोंडातून ब्र काढायचा."

"या गावात? या गावात घराला आग लागली तर म्हणतील, आज जरा ऊब वाटतेय." वर्ना उलट्या बादलीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. आणि त्या कॅरलला टवक्याबद्दल सूट दिलीस. देवा रे."

हार्लनला मात्र हसू येत नव्हतं. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ज्यांनी आपल्या सगळ्यांत वाईट दिवसांत दाराशी जेवण आणून ठेवलं त्यांना आपण त्यांचीच भांडी विकली, आणि आता गावाला आपली आठवण राहील ती हीच. पैसे घेऊन घरोघरी जावं आणि परत करावेत, असं तो म्हणाला. वर्नाने ते साफ मोडीत काढलं. पैसे परत केलेस तर त्यांना कबूल करावं लागेल की भांडी त्यांची होती, मग त्या ओशाळतील, आणि तू ओशाळशील ते वेगळंच. भांडं परत करायची रीत एकच, आणि ती तुलाही माहीत आहे. भांडं रिकामं जात नाही.

"मला ब्रेड भाजता येतो," हार्लन म्हणाला.

"टोस्टर विकलास," वर्ना म्हणाली.

मग तिने फ्रीझर उघडला. त्यात तळ्यातले मासे होते, थरावर थर, गेल्या कितीतरी हिवाळ्यांचे, आणि तळ्यातच आपसूक उगवणारा काळा तांदूळ पिशव्या भरून. या फ्रीझरला हार्लनने अजून कोणतीच टिकली लावली नव्हती. गळाला लागलेला मासा विकायला कायद्याची बंदी, आणि न्यूझीलंडवाले बुटाच्या तळव्याची मातीसुद्धा आत येऊ देत नाहीत असं क्रिस्टाने बजावलं होतं. पाठवताही येत नाही आणि विकताही येत नाही, अशी ही घरातली एकच चीज होती. वर्नाने बाह्या वर केल्या आणि त्याला कांदा चिरायला बसवलं.

आधी भांडी परत मिळवायला हवी होती. तो पहिल्यांदा आर्डिसकडे गेला. दार उघडल्यावर त्याने टोपी काढली, हवा बरी आहे असं म्हणाला, तीही म्हणाली.

"ते निळ्या फुलांचं भांडं," हार्लनने शेवटी काढलं. "ते तुझं होतं."

"माझ्या भांड्यासारखं होतं खरं."

"आर्डिस, ते तुझंच होतं."

"असेल. एका डॉलरला स्वस्तच पडलं," आर्डिस म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण नॉर्डालच्या बाईबद्दल असं खात्रीने सांगता येत नाही. उद्यापुरतं ते मला दे, असं तो म्हणाला. तिने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा आत जाऊन भांडं आणून दिलं. प्रत्येक घरी हेच झालं. प्रत्येक घरी कॉफी घ्यावी लागली, आणि निघताना दारात आणखी अर्धा तास उभं राहावं लागलं, कारण या गावात निरोप घेणं हे येण्यापेक्षा मोठं काम आहे. कॅरलने तर शेवटपर्यंत कबूल केलं नाही. माझं असंच एक होतं, ते कुठेतरी हरवलं, म्हणून हे घेतलं, असं ती भिंतीकडे बघत म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर रिकाम्या गॅरेजमध्ये पंगत बसली. हार्लनने मासे, काळा तांदूळ आणि डब्यातलं मशरूमचं दाट सूप, ज्याच्याशिवाय त्या भागात काही शिजत नाही, असं सगळं थरांनी लावून भाजलं होतं. मीठ जास्त झालं होतं आणि कडा करपल्या होत्या. लोकांनी चवीने खाल्लं. "वाईट नाही," पाद्रीबाई म्हणाल्या, आणि नॉर्डालमध्ये याच्यापुढे स्तुती जात नाही. शेवटचा तुकडा कुणी घेईना, म्हणून तो अर्धा कापला गेला, मग त्याचा पाव, मग त्याचाही अर्धा, आणि जो कण उरला तो वर्नाने सरळ तोंडात टाकला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भांडी विकल्याचं कुणी बोलून दाखवलं नाही. जाताना मात्र प्रत्येकीच्या हातात तिचं भांडं होतं, गरम, पंगतीआधीच वेगळं भरून ठेवलेलं, वरून फडकं बांधलेलं, आणि हार्लनने प्रत्येकीला नाव घेऊन ते दिलं.

"चला, फिटलं सगळं," खुर्च्यांच्या घड्या घालताना वर्ना म्हणाली.

ती बरोबरच बोलली होती, पण हार्लनला ते कुठेतरी लागलं. फिटलंच होतं सगळं. कुणाचं काही देणं नाही, घेणं नाही, कुणाच्या दारात जायचं कारण नाही. त्या रिकाम्या गॅरेजमध्ये तो झाडू घेऊन उभा राहिला आणि त्याला वाटलं, भांडी तळघरात तशीच राहिली असती तर निदान तक्रार करायला तरी कुणी आपली आठवण काढली असती. मार्लिसची त्याला त्या वेळी फार आठवण झाली. ती असती तर तिने यातूनही काहीतरी बाकी ठेवली असती. तिला बरोबर जमायचं ते.

जहाजाचं सामान न्यायला गाडी बुधवारी सकाळी आली. सहा खोक्यांची परवानगी, पण भरली होती पाच. मार्लिसची गोधडी, फोटो, तिच्या शिवणयंत्राचं नुसतं चाक, गिरमिटाचं नुसतं पातं, जे त्याने पुस्तकांच्या मध्ये लपवलं होतं. गाडीवाला खोकी चढवत होता तेवढ्यात आर्डिस रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात निळ्या फुलांचं भांडं होतं आणि भांड्यात खजुराच्या वड्या होत्या.

"वाटेत खायला," ती म्हणाली. "भांडं नंतर दे."

"आर्डिस, मी उद्या जातोय. नंतर म्हणजे कधी?"

"घाई नाही मला. माझ्याकडे दुसरं आहे." तिने भांडं त्याच्या हातात दिलं. "पण रिकामं आणू नकोस."

त्याने भांडं वर उचलून खालून पाहिलं. तळाला नवी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर आर्डिसचं नाव होतं. या वेळी पक्क्या शाईने लिहिलंय, आर्डिस म्हणाली, सुरी घेऊन बसलास तरी निघणार नाही. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने खरी हकीकत सांगितली. सोमवारी चर्चच्या तळघरात या विषयावर बरीच चर्चा झाली होती. एक भांडं त्याच्याकडे अडकलेलं असायला हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण कुणाचं, यावर नव्हतं; प्रत्येकीला आपलं द्यायचं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

"आणि तुझी निघाली?"

"कॅरलची निघाली," आर्डिस म्हणाली. "पण मी म्हटलं, टवका उडालेलं भांडं परदेशी पाठवणं बरं दिसत नाही."

हार्लनचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. नॉर्डालमध्ये भर सकाळी असं दृश्य क्वचितच दिसतं. आर्डिस शेजारच्या मेपलच्या झाडाकडे बघत शांतपणे उभी राहिली. मग, त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून असेल, ती म्हणाली, "त्या रविवारी तुझ्या बाहीवर लाल टिकली होती."

"तू पाहिलीस?"

"सगळ्यांनी पाहिली."

"मग सांगितलं का नाही कुणी?"

"म्हटलं, बघावं कोण घेतंय," आर्डिस म्हणाली, आणि या वेळी तिच्या ओठांचा कोपरा नक्की हलला.

वड्या त्याने डब्यात काढल्या, एक तिथेच उभ्या उभ्या खाल्ली, वाईट नाही म्हणाला. भांडं धुतलं, तळाची पट्टी ओली होऊ न देता पुसलं, मार्लिसच्या दोन जाड स्वेटरांत गुंडाळलं आणि सहाव्या खोक्यात ठेवलं. वर हिरवी टिकली लावली, आणि पाकिटात उरलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या तिच्याभोवती लावून टाकल्या. आर्डिस अजून दारातच होती, कारण निरोप आत्ताशी कुठे सुरू झाला होता. गाडीवाल्याने खोकं उचललं, हलकं लागलं म्हणून थांबला, आणि आत नाजूक काही आहे का असं त्याने विचारलं.

"दुसऱ्याचं आहे," हार्लन म्हणाला. "परत द्यायचंय. जपून चढव."